कँडीसाहेबांचा स्वल्पविराम

गेल्या पंधरवड्यात आमच्या हातून एक चूक घडली. चूक एका स्वल्पविरामाची होती. पण तिची झळ पोचली ती कष्टकरी माणसांना, म्हणून ती येथे पहिल्या पानावर कबूल करणे आम्हांस अगत्याचे वाटते. जिल्ह्यातील एका धानखरेदी केंद्रावर चुकाऱ्यांसाठी खोळंबलेल्या शेतकऱ्यांची हकीकत आमच्या एका वार्ताहराने लिहून पाठविली होती. पैसे केव्हा मिळणार, असे शेतकऱ्यांनी विचारले तेव्हा ते आज नाही उद्या मिळतील असे त्यांना सांगण्यात आले, एवढेच त्याने लिहिले होते. मराठी माणसाला या बोलण्याची फोड करून सांगावी लागत नाही. आज नाही उद्या म्हणजे केव्हा तरी. स्वतःला कशातच बांधून न घेता समोरच्याची बोळवण करण्याची ती जुनी रीत आहे, आणि वार्ताहराला नेमकी तीच दाखवावयाची होती. परंतु रात्री उशिरा ती बातमी पाहणाऱ्या, व्याकरणाची चाड बाळगणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला त्या वाक्यात काहीतरी राहून गेल्यासारखे दिसले, आणि त्याने नाही या शब्दापुढे एक स्वल्पविराम ठेवून दिला. वाक्य व्याकरणाने शुद्ध झाले आणि वस्तुस्थितीने खोटे झाले. चुकारे आज मिळावयाचे नाहीत, उद्या मिळावयाचे आहेत, असे वाचकांनी वाचले. काहींनी तो उद्या म्हणजे अंकाचाच दिवस समजला, काहींनी त्याच्या पुढचा; आणि दोन्ही दिवशी काही शेतकरी घरचे काम टाकून, पदरचे गाडीभाडे खर्चून त्या केंद्रावर जाऊन उभे राहिले. तेथे पैसे घेऊन अर्थातच कोणी बसले नव्हते.

आम्ही पुढील अंकात खुलासा छापला. खुलाशाने गाडीभाडे परत मिळत नाही, हे आम्ही जाणतो.

ज्या वार्ताहराची ही बातमी होती त्याला आम्ही यापूर्वी अनेकदा विरामचिन्हांवरून बोल लावले आहेत. त्याच्या घरी पोवारी बोलतात, गल्लीत झाडीबोली, बाजारात हिंदी. छापील मराठी तो शाळेत शिकला आणि आता आमच्याकडे लिहून लिहून ती अंगवळणी पाडीत आहे. पूर्णविराम तो विसरतो. स्वल्पविराम देतो तेव्हा बांधीत रोपे मूठमूठ टाकावीत तसे टाकतो. की या अव्ययानंतर तो कधी स्वल्पविराम देतो, कधी देत नाही, आणि कारण विचारले तर तेथे दम घ्यावासा वाटला, असे निर्मळपणे सांगतो. या खेपेस मात्र त्याने विचारपूर्वक चिन्ह दिले नव्हते, आणि आम्ही विचार न करता ते दिले. शिकविणारा चुकला, शिकणारा बरोबर ठरला. अशा वेळी या चिन्हांची मराठीत प्रथम शिकवण देणारा जो गुरू, त्याच्याकडे वळून पाहण्याची इच्छा आम्हांस झाली; आणि पाहू गेलो तो त्याच्याही आयुष्यात हाच पेच उभा असलेला दिसला.

मेजर टॉमस कँडी हे नाव आजच्या पिढीला एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ठाऊक असते. मराठीत विरामचिन्हे कोणी आणली, या प्रश्नापुढे स्पर्धापरीक्षेचा उमेदवार त्यांच्या नावावर खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. उत्तर बरोबर आहे, परंतु त्या उत्तराच्या मागे एका परक्या माणसाची जवळजवळ अर्ध्या शतकाची मराठीची चाकरी आहे, हे त्या खुणेत मावत नाही.

कँडींच्या पूर्वी मराठीचे चिन्हांवाचून काही अडले होते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. आमच्या आमगावजवळच्या पदमपुरास महाकवी भवभूतीची जन्मभूमी मानतात, आणि महामहोपाध्याय मिराशींसारख्या संशोधकाने त्या मतास बळ दिलेले आहे. त्या भवभूतीचे लांबच लांब समास ज्या पोथ्यांतून शतकानुशतके उतरत आले त्यांत एक उभा दंड आणि दोन उभे दंड यांपलीकडे वाचकाच्या मदतीला फारसे कोणी नव्हते. संस्कृतात विभक्तीचे प्रत्यय शब्दाचे नाते सांगत आणि वृत्त श्वासाची जागा सांगत असे. मराठी ओवीचेही तेच. तिचा चौथा चरण आला की ती आपोआप थांबते. गद्याची गोष्ट निराळी, परंतु ते गद्य तरी कोणत्या लिपीत लिहिले जात होते? कागदावर आधी आडवी रेघ ओढावी, तिला अक्षरे टांगीत जावे, लेखणी शक्यतो उचलू नये, दोन शब्दांत अंतर सोडू नये, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करू नये, ही मोडीची शिस्त. चिन्ह ठेवायला तेथे जागाच नव्हती. आणि ते कागद वाचणारा कारकून मजकूर काय असणार हे बहुधा आधीच जाणून असे. पत्र आले म्हणजे ते चारचौघांत मोठ्याने वाचले जाई. पोथी पुराणिक वाची. थांबावयाचे कोठे, आवाज चढवावयाचा कोठे, हे त्याचा गळा ठरवी.

छापखाना आला आणि ही व्यवस्था मोडली. छापील मजकुराचा वाचक एकटा असतो. लिहिणाऱ्याला त्याने कधी पाहिलेले नसते, विषय त्याला नवा असतो, आणि त्याच्यासाठी वाचून दाखविणारा पुराणिक हजर नसतो. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी अक्षरे छापावयास 1805 पासून आरंभ केला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघाले, आणि त्यात इंग्रजी व मराठी मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी बसले. दोन बहिणी एका पाटावर बसविल्या म्हणजे एकीच्या अंगावरचे दागिने दुसरीच्या डोळ्यांत भरणारच. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली आले. मराठी गद्य घरातून बाहेर पडून अनोळखी माणसांत वावरू लागले होते, आणि त्याला अनोळखी माणसांत वावरण्याचे काही रीतिरिवाज हवे होते.

ते देणारा माणूस पंडित म्हणून येथे आलेला नव्हता. टॉमस कँडी यांचा जन्म इंग्लंडात 1804 साली झाला. भाऊ जॉर्ज याच्यासह ते कंपनी सरकारच्या लष्करी चाकरीत हिंदुस्थानात दाखल झाले. त्या काळी येथे आलेल्या लष्करी अधिकाऱ्याला देशी भाषा शिकणे फायद्याचे असे; परीक्षा उतरावी, दुभाष्याची जागा मिळवावी, आणि पुढे शिपायांना हुकूम देण्यापुरती ती वापरावी, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होत असे. कँडी बंधूंची गाठ मात्र जेम्स मोल्सवर्थ नावाच्या दुसऱ्या एका लष्करी माणसाशी पडली होती, आणि मोल्सवर्थ यांना मराठीच्या शब्दांचे वेड लागले होते. मराठी-इंग्रजी कोशाचे काम त्यांनी सरकारकडून पदरात पाडून घेतले आणि शास्त्र्यांचा ताफा जमवून शब्दांची झडती सुरू केली. पोथीतील शब्द तर घ्यावयाचेच, पण शेतातले, बाजारातले, स्वयंपाकघरातले आणि भांडणातलेही टाकावयाचे नाहीत. 1831 साली हा कोश प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे 40 हजार शब्द होते. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते 60 हजारांवर गेले. टॉमस आणि जॉर्ज हे दोघेही पहिल्या आवृत्तीत मोल्सवर्थ यांचे सहकारी होते. टॉमस कँडींची मराठी अशी तयार झाली. ती व्याकरणाच्या पुस्तकातून आलेली नव्हती. एकेका शब्दाला हात लावून, तो कोण बोलतो, कशाला बोलतो, कोणत्या भावाने बोलतो, हे विचारीत ती जमली होती.

शब्द जमले म्हणजे भाषा आली असे नव्हे. याची प्रचीती कँडींना पुढच्या कामात आली असली पाहिजे. इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थ यांनी हाती घेतले होते. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे ते मायदेशी परतले आणि ओझे कँडींच्या शिरावर आले. 1847 साली तो कोश बाहेर पडला. मराठीचा इंग्रजीत अर्थ सांगणे एक वेळ सोपे. परंतु इंग्रजीचा मराठीत अर्थ सांगताना मराठीची वाक्येच्या वाक्ये पालथी घालावी लागतात. एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत कधी शब्दच नसतो, असतो तो एक वाक्प्रचार, आणि तो वाक्यात विशिष्ट ठिकाणीच बसतो. कँडींचा कोश आजही चाळून पाहणाऱ्यास त्यात एका शब्दाखाली मराठी वाक्प्रयोगांची रास लागलेली आढळते. त्या राशीत त्यांचे कष्ट दिसतात.

दरम्यान पुण्याच्या पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आली होती. पेशवाई बुडाल्यावर 1821 साली, दक्षिणेच्या रकमेतून, विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने ही संस्कृत पाठशाळा उघडली. तेथील शास्त्री आणि हा लष्करी साहेब यांचे कसे जमले असेल, याची कल्पना करणे मौजेचे आहे. घोकंपट्टीने अख्खी शास्त्रे मुखोद्गत असलेली ती मंडळी. आणि त्यांच्यासमोर कागद ठेवून, हे वाक्य येथे संपले की तेथे, असे विचारणारा हा गोरा माणूस. 1851 साली ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले, आणि तेच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले.

त्याच्या आदल्या वर्षी, 1850 मध्ये, कँडींचे विरामचिन्हांची परिभाषा हे पुस्तक निघाले होते. आमचा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख त्या वेळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि येथील दप्तरे मोडीत चालत होती. पुण्या-मुंबईकडे काय छापले जाते याची वार्ता येथे पोचण्याचे कारण नव्हते. आज त्याच मुलुखात दररोज सकाळी जो मराठी अंक घरोघर पडतो तो त्या पुस्तकाने घालून दिलेल्या वाटेने चालतो. विचार केला तर यात थोडे नवल आहे. व्याकरण भाषेत असतेच. दादोबांनी ते शोधले आणि मांडले. शब्द लोकांच्या तोंडी असतातच. मोल्सवर्थ यांनी ते वेचले. विरामचिन्हे मात्र मराठीत नव्हतीच. ती परभाषेतून आणून, त्यांचे काम मराठीत समजावून सांगून, येथील लेखकांच्या हातात द्यावयाची होती.

ती येथे रुजली कशी, हे पाहण्यासारखे आहे. मराठी वाक्याची घडण इंग्रजीहून निराळी. इंग्रजी वाक्य कर्ता आणि क्रियापद आधी टाकून मोकळे होते आणि मग शेपटासारखे वाढत जाते. ते कोठे संपणार हे टिंब पाहिल्याशिवाय कळत नाही. आमचे वाक्य सगळा लवाजमा पुढे पाठवून क्रियापदाला शेवटी आणते. आहे, झाला, करितात, म्हणतात हे शब्द आले की जाणत्याला वाक्य संपल्याचे कळते; म्हणजे निम्मा पूर्णविराम आमच्या क्रियापदातच असतो. पण, तर, म्हणून, तथापि ही अव्यये अर्ध्या थांब्याचे काम करीत आलेली आहेत. जो आणि तो यांची जोडी तर गाडीच्या दोन चाकांसारखी असते. एक दिसले की दुसरे येणार याची खात्री. तेव्हा मराठीला चिन्हांची गरज कमी, परंतु जेथे गरज आहे तेथे ती नाजूक. चिन्ह जास्त झाले तर मराठी वाक्य दम लागलेल्या माणसासारखे थांबत थांबत चालते. कमी झाले तर आज नाही उद्या सारख्या जागी वाचकाला आपल्या शहाणपणावर विसंबावे लागते. आणि आमच्या अनुभवावरून सांगतो, वाचकाचे शहाणपण बहुधा पुरेसे असते.

आणखी एक गोष्ट गोंदियाकरांच्या रोजच्या डोळ्यांखालची आहे. आपल्या शहरात हिंदी आणि मराठी वर्तमानपत्रे एकाच टपरीवर शेजारी मांडलेली असतात. लिपी एक, पण हिंदी वाक्य परंपरेने खड्या पाईने संपते आणि मराठी वाक्य टिंबाने. दोन्ही भाषांचा वारसा तो जुना दंडच होता. हिंदीने तो वाक्याच्या शेवटी ठेवून इतर चिन्हे इंग्रजीकडून घेतली. मराठी गद्याने तोही सोडला आणि पुरते नवे पोशाख केले. सीमेवरच्या या जिल्ह्यात शाळकरी मुले एका तासाला पाई देतात आणि दुसऱ्या तासाला टिंब देतात, आणि कधी कधी उलटेही करून छडी खात असत. त्या गोंधळाचे एक टोक पुण्यातल्या कँडींच्या मेजापर्यंत पोचते.

चिन्हे दिली एवढ्यावर कँडी थांबले असते तर त्यांच्याविषयी दोन मते झाली नसती. परंतु सरकारने त्यांना पुढे मराठी भाषांतरकाराच्या मोठ्या अधिकारावर बसविले. शाळाखात्याची मराठी क्रमिक पुस्तके त्यांच्या देखरेखीखाली तयार होऊ लागली. नवनीत हा मराठी कवितेचा संग्रह 1854 साली सिद्ध करणारे परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली काम करीत होते. खात्यासाठी लिहिलेला मराठी मजकूर कँडींच्या नजरेखालून जाई, आणि त्यांची लेखणी त्यावरून फिरे. 1860 चा दंडविधानाचा कायदा मराठीत आणण्याचे कामही त्यांनी केले. त्या कायद्यात 511 कलमे होती, आणि 2024 च्या जुलैत नवी न्यायसंहिता येईपर्यंत तो या देशात चालत राहिला.

कायद्याच्या भाषांतरात विरामचिन्हाची कसोटी लागते. कथेत स्वल्पविराम चुकला तर रसभंग होतो. कलमात चुकला तर माणूस तुरुंगात जातो, किंवा जावयास हवा तो सुटतो. इंग्रजी कलमाची घडण अशी की आधी जो कोणी, मग त्याचा हेतू, मग त्याचे कृत्य, मग अपवाद, मग शिक्षा, आणि हे सगळे एकाच श्वासात. ते मराठीत जसेच्या तसे आणावे तर वाक्य मोडते. मराठी घडणीत तोडून घालावे तर अपवाद कोणत्या भागाला लागतो याविषयी वकिलांना भांडावयास जागा मिळते. अशा ठिकाणी भाषांतरकाराला चिन्हांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नसते. आजही कायद्याची, सरकारी परिपत्रकांची मराठी वाचताना धाप लागते. पण ही धाप कोठून सुरू झाली याचा विचार करताना त्या पहिल्या भाषांतरकाराची अडचण विसरता कामा नये. त्याला पूर्वसुरीच नव्हता.

परंतु क्रमिक पुस्तकांना ही सबब लागू पडत नाही. तेथे कायदा नव्हता, गोष्टी होत्या. आणि लिहिणारे जन्माने मराठी होते. त्यांच्या मराठीवर एका इंग्रजाने अखेरचा हात फिरवावा, ही गोष्ट पुढच्या पिढीतील तेजस्वी माणसाला झोंबल्यावाचून राहणे शक्य नव्हते. जानेवारी 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि पहिल्याच निबंधात मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीला हात घातला. भाषांतरांच्या आणि सरकारी पुस्तकांच्या द्वारे मराठीला इंग्रजी वळण लागत आहे, शब्द मराठी पण वाक्य परके अशी भाषा मुलांच्या तोंडी बसत आहे, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. शास्त्रीबोवांची तक्रार खरी होती, असेच आम्ही म्हणू. त्याच वेळी हेही सांगावयास हवे की निबंधमालेची पाने उघडली तर अर्धविराम, अपूर्णविराम, उद्गारचिन्हे आणि संयोगचिन्हे यांची जी फौज दिसते ती कँडींनीच दाखविलेल्या मार्गाने आलेली आहे. विष्णुशास्त्र्यांची ती लांब, घोटीव, उपरोधाने भरलेली वाक्ये अर्धविरामाच्या खांबांवर उभी आहेत. ते खांब काढले तर छत कोसळेल. कँडींची हत्यारे घेऊनच कँडींच्या वळणावर हल्ला झाला. हत्यार आणि वळण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

कँडींनी हा भेद पाळला नाही, हा आमच्या मते त्यांचा दोष. खूण कोठे द्यावी हे सांगता सांगता वाक्य कसे असावे हे सांगण्याचा मोह त्यांना आवरला नाही. पण तो मोह समजण्यासारखा आहे. ज्याने एखादी भाषा जन्मतः न मिळविता कष्टाने मिळविली, त्याला तिच्यातील नियम फार प्रिय असतात. कारण त्याला तिच्यात उभे राहण्यास तेवढीच भूमी असते. घरच्या माणसाला नियमाबाहेर पाऊल टाकण्याचे भय नसते, पाहुण्याला असते. चाळीस-पन्नास वर्षे मराठीत घालवूनही कँडी त्या अर्थाने पाहुणेच राहिले, आणि पाहुण्याच्याच हाती घराची झाडलोट आली. 26 फेब्रुवारी 1877 रोजी महाबळेश्वरी त्यांचे देहावसान झाले. निबंधमाला सुरू होऊन त्या वेळी तीन वर्षे झाली होती. केसरी निघावयास अद्याप चार वर्षे अवकाश होता.

त्यांच्यामागून चिन्हांचा कारभार कोणी पाहिला? कोणीच नाही, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. लेखनाच्या शुद्धाशुद्धतेवर मराठीत वाद पुष्कळ झाले. लोकमान्यांसारख्या कामाच्या रगाड्यात असलेल्या माणसाने 1904 साली केसरीत या विषयावर लेखमाला लिहिली. महामंडळाने 1962 मध्ये 14 नियम ठरविले, 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर पडली, आणि आजचे आमचे शुद्धलेखन त्या अठरा नियमांवर चालते. हे नियम अनुस्वाराविषयी आहेत, ऱ्हस्व-दीर्घाविषयी आहेत. स्वल्पविराम कोठे द्यावा याविषयी त्यांत एकही नियम नाही. म्हणजे वेलांटी चुकली तर दाखविण्यास आधार आहे, आणि अर्थ उलटा करणारे चिन्ह चुकले तर प्रत्येक कचेरीची आपापली वहिवाट. जुन्या छापखान्यात जुळारी आपल्या अकलेने केसमधून स्वल्पविरामाचा खिळा उचलून मध्ये बसवी आणि मुद्रितशोधक तो काढून टाकी. त्या दोघांच्या भांडणात पुष्कळ मराठी गद्य घडले आहे. आता खिळे गेले, जुळारी गेले, परंतु भांडण आहे तेथेच आहे.

आमच्या कचेरीची वहिवाट सांगावयाची तर की या अव्ययानंतर आम्ही स्वल्पविराम देत नाही; ते अव्यय स्वतःच थांबावयास सांगते, त्याला काठीची गरज नाही. व या शब्दाच्या आधी देत नाही. मथळ्यापुढे उद्गारचिन्ह देणे आम्ही बंद केले आहे, कारण पुलाचा कठडा मोडला ही बातमी वाचून उद्गार काढावयाचा तो वाचकाने, संपादकाने नव्हे. संक्षेपाच्या टिंबाने वाक्य संपल्याचा भास होतो, म्हणून शक्य तेथे शब्द पुरा लिहावा असे आम्ही वार्ताहरांना सांगतो. हे सगळे आम्ही नव्या वार्ताहराला पहिल्या आठवड्यात शिकवितो, आणि ते येईपर्यंत त्याला दोन वर्षे लागतात. आम्हांलाही लागली होती. मात्र या पंधरवड्यापूर्वी आम्ही त्यांना एक गोष्ट सांगत नव्हतो. आणि ती अशी की माणसाच्या तोंडचे बोल लिहिताना चिन्ह देण्यापूर्वी तो माणूस खरोखर तेथे थांबला होता का हे आठवावे, आणि आठवत नसेल तर चिन्ह देऊ नये. सालेकशाचा माणूस जेथे थांबतो तेथे पुण्याचा थांबत नाही. देवरीच्या बाजारातले वाक्य तिरोड्यातल्या वाक्याहून वेगळ्या ठिकाणी श्वास घेते. आमच्या कचेरीत बसून, दिव्याखाली, तो श्वास ऐकू येत नाही. तो ऐकलेला असतो केवळ वार्ताहराने. कँडींच्या मेजावर येणाऱ्या मजकुराचेही असेच होते, आणि ज्यांनी तो श्वास ऐकला होता ते शास्त्री त्यांच्यासमोर हात बांधून उभे होते. आमच्यासमोर वार्ताहर हात बांधून उभा राहत नाही, दूरध्वनीवर हाकेच्या अंतरावर असतो. पण त्या रात्री त्याला विचारावे असे आमच्या सहकाऱ्याला सुचले नाही, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हांलाही सुचले नसते, हे प्रांजळपणे सांगतो.

त्या केंद्रावरचे चुकारे हा मजकूर छपाईस जाईपर्यंत मिळालेले नाहीत. वार्ताहराची ताजी बातमी काल रात्री आली. तीत तेच उत्तर पुन्हा आहे, फक्त या खेपेस त्याने त्या तीन शब्दांखाली रेघ ओढून, येथे काही घालू नये, अशी सूचना शेजारी लिहिली आहे. बातमी आजच्या अंकात तिसऱ्या पानावर, त्याने पाठविली तशीच दिली आहे.